वेशीच्या सांध्यातला खडा

आमच्या गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं की लगेच कोणीतरी विचारणार, ते कंत्राट कोणाचं, तो साहेब कोण, आणि मूळ गोष्ट राहील बाजूला. गाव परभणी जिल्ह्यातलं, गंगेपासून, म्हणजे गोदावरीपासून, फार लांब नाही आणि सोनपेठच्या यष्ट्या इथून जातात, एवढं पुरे. गाव जुनं आहे. किती जुनं? घराचा पाया खणायला घ्यावा तर खापरं निघतात, दगडी मुंडकी निघतात, आणि खणणारा गुपचूप माती लोटून मोकळा होतो, नाहीतर सरकारी माणसं येऊन बसायची.

आमच्या चौकाच्या एका अंगाला काळ्या दगडाची वेस आहे. दोन बुरूज, मधे कमान. वेशीला लागून निजामाच्या वक्ताची कचेरी, चुन्यातली, रुंद व्हरांड्याची. आणि या दोघींना खेटून नगरपालिकेची नवी इमारत, निळ्या काचेची, पुढं कारंजं. पुण्याहून एक चष्मेवाली पोरगी नकाशा घेऊन आली होती. तिचं म्हणणं, जुन्याला नवं असं भिडलं पाहिजे की बघणाऱ्याला कळू नये कुठं काय संपलं. म्हणून वेशीचा डावा बुरूज जिथं संपतो तिथूनच नव्या भिंतीला काळा दगड लावत नेला. खोटं कशाला बोलू, काम देखणं झालं. लग्न ठरलेली पोरं-पोरी तिथं फोटो काढायला येतात. कारंजं चालू असलं तर बहारच. बंद असलं की त्यात कुत्री झोपतात.

त्या बुरुजाच्या आणि नव्या भिंतीच्या सांध्यापाशी, बरोबर तिथंच, बानूबाई बसायची. पोतं अंथरलेलं, पुढं टोपली. हिवाळ्यात बोरं आणि हरभऱ्याचा टहाळ, एरवी उकडलेल्या शेंगा. मोक्याची जागा म्हणावी तर तीही नाही, कारण गिऱ्हाईक सगळं तिकडं यष्टीच्या थांब्यावर. नगरपालिकेतली सुकेशनी, जन्ममृत्यूचे दाखले देते ती, दुपारचा डबा घेऊन बानूबाईजवळ येऊन बसायची. तिनं कितीदा सांगितलं, मावशी, थांब्याकडं बसा, टोपली दुपारीच रिकामी होईल. बानूबाई हो म्हणायची आणि भिंतीला आणखी पाठ टेकायची. ती खपासाठी बसतच नव्हती. ती नवऱ्यापाशी बसत होती, आणि नवरा मरून वर्षं झाली होती.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारीचं डोकं फिरलं होतं. तिचं डोकं माझ्या-तुमच्यापेक्षा ठिकाणावर होतं.

बानूबाईचा नवरा येडबा. मेंढरंवाला. चार महिने पावसाळ्याचे सोडले तर बारा वाटा तुडवणारा, पण मुक्काम गावात असला की त्याची मेंढरं याच वेशीतून आत यायची आणि कचेरीमागच्या पडीक जागेत वाघूर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून बसायची. कमान अरुंद, म्हणून मोजायला सोयीची. येडबा डाव्या बुरुजाला टेकून उभा राहायचा आणि एक मेंढी गेली की काठी दगडावर ठक्, दुसरी गेली की ठक्. वीस झाली की एक गोटी या मुठीतून त्या मुठीत. शाळेचं तोंड न बघितलेला माणूस, पण विसांचा हिशोब पक्का. चुकला तर गडी सगळी मेंढरं परत बाहेर काढायचा. यष्टी हॉर्न वाजवून वाजवून हैराण, लोक शिव्या देतायत, बानूबाई लाजेनं पदर दातात धरून उभी, आणि हा बाबा शांतपणे पहिल्यापासून ठक्, ठक्. गिनती भरल्याशिवाय तो वेस सोडायचा नाही. अहो, लग्नाच्या दिवशीसुद्धा मांडवात यायला उशीर केला होता त्यानं, एक कोकरू सापडत नव्हतं म्हणून.

त्याचा एकुलता मुलगा रामकिशन. त्याला मेंढरांचा कंटाळा. गवताळ रानं कुंपणात गेली होती, भटकंतीत हाल होते, आणि लग्न होऊन आलेली रुपाली पालात राहायला तयार नव्हती. तिचंही काय चुकलं? चौकाचं काम निघालं तसा रामकिशन तिथं दगड वाहायला लागला, आणि गावात भाड्याची खोली घेतली. त्याच सुमारास येडब्याच्या छातीत पाणी झालं. तो दवाखान्यात पडला आणि इकडं रामकिशननं मेंढरं विकली, सगळी. आधी मायला विचारलं होतं. बानूबाईनं होकाराची मान हलवली. कोण चारणार होतं त्यांना?

येडबा खोलीवर परत आला तो बाजेला खिळूनच. दिवेलागणीला विचारायचा, "आली का?"

बानूबाई सांगायची, येलदरीकडं गेलीत भाच्यासंगं, धरणाखाली गवत लय हाय, येतील. तो मान हलवायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आली का, येतील. मरायच्या संध्याकाळी त्यानं विचारलं, तेव्हाही ती येतील म्हणाली. मग तो म्हणाला, "लय उशीर केला ह्या खेपंला," आणि भिंतीकडं तोंड करून झोपला तो झोपलाच.

रामकिशननं अग्नी दिला. खांद्यावर मडकं घेऊन चितेभोवती फिरताना ज्या खड्यानं मडक्याला भोक पाडतात, तो खडा जपून ठेवायचा असतो. जीवखडा म्हणतात त्याला. दहाव्यापर्यंत गेलेल्याचा जीव त्या खड्यात. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की खडा गंगेत सोडायचा आणि माणूस मोकळा. तोवर हा खडा घरात आणायचा नाही, बाहेर कुठंतरी टांगायचा. आता भाड्याच्या खोलीला बाहेर म्हणजे घरमालकाचं अंगण. मालक म्हणाला, माझ्या दारात नको बाबा, आमच्याकडं सून गरोदर आहे. मग रामकिशननं खडा पांढऱ्या फडक्यात गुंडाळला आणि वेशीच्या बुरुजातल्या कोनाड्यात ठेवला. बाप आयुष्यभर तिथंच टेकून उभा राहिला होता, त्याला बरं वाटेल, असं त्या पोराच्या मनात आलं. मन चांगलं, पण जागा चुकली.

कारण उद्घाटनाची घाई होती आणि त्याच बुरुजाचा सांधा भरायचं चाललं होतं. नागनाथ गवंडी मोठे दगड बसवायचा आणि फटीत बारीक दगडांच्या चिपा ठोकायचा. दहाव्याच्या आदल्या दिवशी रामकिशन जाऊन बघतो तर कोनाड्यात नुसतं फडकं. कोणीतरी बेताचा खडा दिसला म्हणून उचलला होता आणि भिंतीत ठोकला होता.

पोरगं भ्यालं. कोणाला बोललं नाही. कारंज्याच्या खडीतून तसाच एक खडा निवडला, फडक्यात बांधला आणि दहाव्याला गंगेवर नेला. कावळे होते, पण एकही पिंडाकडं फिरकला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे उठले. परतीच्या वाटेवर रामकिशननं मायचे पाय धरले आणि काय झालं ते सांगितलं.

बानूबाई त्याला रागावली नाही. दुसऱ्या दिवशी ती नागनाथाकडं गेली. नागनाथानं आठवून आठवून जागा दाखवली. सांध्यात, गुडघ्याच्या जरा वर, जुन्या आणि नव्या दगडाच्या मधे पाचरेसारखा ठोकलेला तांबूस खडा. काढता येईल का, तर तो म्हणाला, आता काढला तर वरचा थर खाली येईल, साहेब मला फाडून खातील. बानूबाईनं खड्यावर बोट ठेवलं. मग तिथंच खाली बसली. तेव्हापासूनची तिची ती जागा.

पहिल्यांदा आवाज आला तो उद्घाटनाच्या दिवशी. पाहुणे गेले, दिवे लागले, गावातली माणसं नवा चौक बघायला कमानीतून आत यायला लागली आणि बानूबाईच्या पाठीमागं भिंतीत ठक् झालं. एक बाई आत आली, ठक्. दोन पोरं पळत आली, ठक् ठक्. बानूबाईच्या हातातलं माप तसंच राहिलं. गर्दी वाढली तसा आवाज वाढला, आणि गर्दी थांबली तसा थांबला. मग थोड्या वेळानं तिच्या नाकात ओल्या लोकरीचा वास भरला. ती वळली नाही. वळली असती तर काय दिसलं असतं याची तिला भीती वाटली, आणि काहीच दिसलं नसतं तर, याची त्याहून जास्त.

पुढं ते रोजचंच झालं. दिवेलागणीला येडबा माणसं मोजायचा. बाजारच्या दिवशी एका लग्नाची वरात कमानीतून गेली तेव्हा काठी अशी घाईला आली की बानूबाईला त्याची कीव आली. मेंढरं म्हणून माणसं मोजतोय बिचारा, गिनती भरणार कशी? सुकेशनीनंही एकदा विचारलं होतं, हा आवाज कसला हो मावशी? वायरमन म्हणाला, कारंज्याच्या पाइपात हवा धरते. सुकेशनीला पटलं. कारंजं त्या आठवड्यात बंदच होतं, ते तिच्या ध्यानात आलं नाही.

आणि मोजणी संपली की सांध्यातून यायचं, "आली का?" कानाला ऐकू यायचं असं नाही. पाठीच्या कण्यातून यायचं. बानूबाई टोपली आवरता आवरता हळूच म्हणायची, "येतील."

खरं सांगायला तिला कोणी अडवलं नव्हतं. तिला हेही कळत होतं, की खरं सांगितलं तर येडबा घोंगडी झटकेल आणि चालायला लागेल. बारा वर्षांची असताना त्याच्या घरी आली होती ती. त्याच्यामागं कुत्र्यासारखी रानोमाळ हिंडली, त्याच्या शिव्या खाल्ल्या, त्याला दिल्या. खोलीत रुपाली होती, तिचा टीव्ही होता, पण रुपालीशी ती काय बोलणार? दिवसभर भिंतीला पाठ लावली की तिला बरं वाटायचं. मेलेल्याला असं अडकवून ठेवणं हे पाप, हे तिला तुमच्या-माझ्याआधी समजत होतं. समजत होतं आणि तरी रोज ती येतील म्हणत होती.

याची झळ लागली ती रामकिशनला. तो कमानीखालून जाईना. कामाला जायचं तर गावाला वळसा घालून. रात्री बाप उशाशी येऊन उभा राहतो, हातात काठी, बोलत काहीच नाही, असं रुपालीला सांगायचा. ताटावर बसला की भाकरीचा घास हातातच राहायचा. पोखर्णीच्या नृसिंहाला नवस झाला, डॉक्टरची सुई झाली. चांगला दगड उचलणारा गडी, गालफडं बसली, पॅन्ट सुतळीनं बांधायला लागला. एका दुपारी रुपाली चौकात आली, बानूबाईच्या पोत्यावर बसली आणि रडली. "आत्याबाई, ह्येंचं काय खरं न्हाई. तुमी कायतरी करा."

बानूबाईनं काय करायचं ते तिला माहीत होतं. ते सोडून बाकी सगळं तिनं केलं. अंगारा आणला, दृष्ट काढली.

मागच्या पावसाळ्यात मात्र सांधा फाटला. जुना चुना आणि नवं सिमेंट यांचं काही जमेना, मधून पाणी शिरलं आणि वरपासून खालपर्यंत बोट जाईल अशी भेग पडली. सुकेशनीनंच बातमी आणली, मावशी, ही भिंत उकलणार आहेत, तुम्हाला आठवडाभर उठावं लागेल. तिला बिचारीला वाटलं, मावशीच्या धंद्याची काळजी घ्यावी. ही बातमी रामकिशनला कळली तसा तो कितीतरी दिवसांनी ताठ बसला. बाचा खडा काढू, म्हणाला. गंगेवरच्या महाराजांना विचारून आला, ते म्हणाले, पुन्हा पिंड ठेवा, चालतंय. मग नागनाथाला गाठलं. नागनाथानं हात वर केले, इतक्या वर्षांत किती चिपा ठोकल्या मी, कुठं ध्यानात राहतंय? तुझ्या मायला दाखवला होता, तिला विचार.

सकाळी सगळे सांध्यापाशी उभे. नागनाथ छन्नी घेऊन, रामकिशन पांढरं फडकं घेऊन. बानूबाईला तो तांबूस खडा समोर दिसत होता. तिच्या पाठीनं घासून घासून तो गुळगुळीत झाला होता. रामकिशनकडं बघितलं तर त्यानं फडकं आधीच उलगडून दोन्ही हातांवर पसरलं होतं. माय होती ती. तिनं बोट उचललं, आणि ते वीतभर खाली जाऊन दुसऱ्याच एका खड्यावर टेकलं.

"ह्यो," ती म्हणाली.

नागनाथानं तो उपसला; मसाल्यानं माखलेला, रामकिशनलाही रंग ओळखू येईना. वरच्या चिपांना धक्का न लावता तेवढी फट मसाल्यानं भरून टाकली, कारण साहेबांचा ऐनवेळी फोन आला होता की उकलू नका, वरून लिंपा. तांबूस खडा जागच्या जागी राहिला. बानूबाईनं परका खडा फडक्यात गुंडाळून लेकाच्या हातावर ठेवला, आणि त्याच्या डोळ्यांत बघायचं टाळलं.

गंगेवर पिंड मांडला. काठच्या बाभळीवर दोन कावळे होते. रामकिशन हात जोडून बोलायला लागला, जसं बोलतात तसं. बा, मायला अंतर देणार न्हाई. बा, तुझ्या नावानं वेशीत पाणी ठेवीन. कावळे हलेनात. बानूबाई मनात म्हणत होती, कशाला हलतील, खडा खोटा हाय. ऊन चढलं, महाराज घड्याळ बघायला लागले. लेकाची दशा तिला बघवेना. आता सांगून टाकावं, असं तिच्या ओठांवर आलं.

तेवढ्यात रामकिशन वाळूत गुडघ्यांवर बसला. "बा," तो म्हणाला, "मेंढरं म्या इकली. तू दवाखान्यात व्हतास तवाच. येलदरीला कवा गेलीच न्हाईत ती. आता यायची न्हाईत. तू वाट बघू नगं."

बानूबाई धावली आणि तिनं त्याच्या तोंडावर हात दाबला. "गप. गप रं. नगं सांगू त्यांना."

पण सांगून झालं होतं. बाभळीवरचा एक कावळा खाली उतरला, दोन उड्या मारून पिंडापाशी आला आणि भात उचलून नदीवरून पलीकडं गेला. रामकिशन लहान पोरासारखा हुंदके देत रडला, मग उठून त्यानं खडा पाण्यात सोडला. परत येताना रिक्षात त्याला भूक लागली. रुपालीनं बांधून दिलेल्या भाकरी त्यानं सगळ्या खाल्ल्या, मायच्या वाटणीचीसुद्धा, आणि मग तिच्या खांद्यावर मान टाकून झोपून गेला. कितीतरी महिन्यांनी झोपला असा.

त्याचं डोकं खांद्यावर घेऊन बानूबाई बसली होती, आणि खरं सांगायचं तर ती मनातून खूश होती. पोरगं सुटलं. आणि गंगेत गेला तो खडा कोणाचाच नव्हता, खरा तर भिंतीत होता. दोघंही आपल्यालाच राहिले, असं तिला वाटलं. कावळ्याचं काय, भुकेला होता, आला.

ती खोलीवर गेलीच नाही. रिक्षा चौकात थांबवली, पोतं अंथरलं आणि सांध्याला पाठ लावून बसली. दिवेलागण झाली. शेवटची यष्टी आली, माणसं कमानीतून आत यायला लागली. एक म्हातारा आत आला. दोन कॉलेजच्या पोरी आल्या. सायकलवाला आला, मग बायकांचा एक घोळका आला. कारंज्याचे दिवे निळे झाले, हिरवे झाले. बानूबाईनं पाठ उचलून वळून बघितलं आणि त्या तांबूस खड्यावर आधी हात, मग कान ठेवला. लोक बघत होते, बघू द्या. दगड गार होता. तिनं स्वतःहूनच म्हटलं, "येतील." पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. आतून काहीच आलं नाही. माणसं जात राहिली आणि त्यांना मोजायला तिथं कोणी नव्हतं.

नगरपालिकेची कचेरी त्या दिवशी उशिरा सुटली तशी सुकेशनी पायऱ्या उतरून आली. बानूबाईला भिंतीला डोकं टेकून, टोपलीशिवाय, नुसतीच बसलेली बघून ती थांबली. मावशी, बरं नाही का, तिनं विचारलं.

बानूबाईनं तोंड वर केलं. सगळं भिजलेलं होतं.

"आमचे धनी वारले, पोरी," ती म्हणाली.

येडब्याचा दाखला वर्षांपूर्वी सुकेशनीनंच लिहून दिला होता. तिनं पर्स बाजूला ठेवली, पोत्यावर जागा केली आणि सांत्वनाला आलेल्या बाईसारखी तिच्या शेजारी बसली.